गाडीच्या बदल्यात आई

नाव चारुलता दिलीप इनामदार, वय ५३, काम घर सांभाळणे, राहणार मानसरोवर, जयपूर, मूळ गाव कराड. मी पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, कुणी न पढवता सांगते की, मला हिंदी येतं, पण आज ते तोंडातून धड निघत नाही. म्हणून मराठीत सांगते आहे आणि शेजारची उत्कर्षा उतरवून घेते आहे. हिंदी तीच करून देईल.

वरील पत्त्यावर मी, माझे पती व मुलगा कौशिक, वय २६, असे राहतो. पती विमा कंपनीत अधिकारी असून कामासाठी जोधपूरला गेले होते, ते निघाले आहेत. कौशिक सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं खूळ लागलं होतं. मी नको म्हणत होते. ऐकतोय कशाला!

आज रविवारी सकाळी आम्ही स्कूटरने सी-स्कीम भागात पवनजींकडे गेलो. ते जुन्या गाड्या विकतात. गाडी लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. कौशिकने आधी बॉनेटला हात लावला. म्हणाला, "आई, इंजिन आधीच गरम करून ठेवलंय. मतलब, काहीतरी लपवायचंय." पवनजींना कळू नये म्हणून आम्ही मराठीत बोलत होतो. भाजीवाल्यासमोरही आम्ही तेच करतो.

एक फेरी मारून आल्यावर तो म्हणाला की, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर गाडी हलतच नाही आणि मग एकदम उसळते. पवनजी म्हणाले, "खड़ी थी, पेट्रोल पुराना है। हाईवे पर खींचो, खुल जाएगी।" त्यांचं दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं, त्यामुळे त्यांना सोबत जाता येईना. गाडी एकट्याच्या हाती कशी द्यायची? तेव्हा ते हसून म्हणाले, "माताजी यहीं बैठेंगी।" मीही हसले आणि बसले. चहा आला.

बाराच्या सुमारास अजमेर रोडवरून कौशिकचा फोन आला. "आई, जोर लावला की अडखळतेच गं ही. आत्ता ट्रकच्या पुढे काढताना मधेच दम टाकला, बाप रे! आता पंपावर ताजं पेट्रोल भरतो आणि एकदा पुन्हा तशीच काढून बघतो. तेव्हाही अडखळली तर दोष पेट्रोलचा नाही. पवनजींना बोलू नकोस, भाव पाडायचाय." मी "बरं" म्हटलं. पुन्हा बघू नकोस, असं म्हटलं नाही. पवनजींनी विचारलं तेव्हा सांगितलं, "कहता है, गाड़ी बढ़िया है।"

त्यानंतर त्याचा फोन बंद आहे.

दुपारी पवनजींचा आवाज बदलला. सकाळपासून या मायलेकांचं त्यांच्या भाषेत सगळं ठरत होतं, असं ते म्हणू लागले. ही त्याची आई तरी आहे कशावरून, असंही म्हणाले. मी आधार कार्ड दाखवलं. त्यावर नवऱ्याचं नाव आहे, मुलाचं नसतं.

मी तशीच इथे आले. साहेबांनी सांगितलं की मुलगा सज्ञान आहे, सुट्टीचा दिवस आहे, मित्रांकडे गेला असेल, उद्यापर्यंत वाट बघा. माझा जीव टांगणीला लागला होता, पण मी बाकावर बसून राहिले. मागाहून पवनजी चोरीची तक्रार घेऊन आले, तर गाडीचा नंबर लगेच वायरलेसवर गेला आणि टोलनाक्यांवर चौकशी सुरू झाली. माझा मुलगा चोर नाही, म्हणून मी तेव्हा भांडले. आवाज चढला, माफ करा.

आता माझं म्हणणं असं की, पवनजींच्या तक्रारीला माझी हरकत नाही. उत्कर्षा म्हणते, काकू, असं लिहून देऊ नका, त्याची नोकरी जाईल, पासपोर्ट अडकेल. अडकू दे. हरवला म्हणून शोधणार नसाल, तर चोर म्हणून शोधा. पेट्रोल पंपांवर विचारा, रस्त्याच्या कडेला खाली उतरून बघा, दवाखाने बघा. अंधार पडायला आलाय. सापडला की खुशाल बेड्या घाला, पण आधी मला फोन करा.

वरचं सगळं उत्कर्षाने मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी बोलले तसंच आहे. 'चोर' या शब्दाशी ती थांबली. मीच म्हटलं, वाच पुढे.

सही/-
चारुलता दिलीप इनामदार