कात्रजकडचं पाणी

नाही, चहा राहू द्या, आधी तुमच्या बायकोला हाक मारा — निशा ना नाव? — म्हणावं ओढ्यातून वर ये, फोटो पुरे झाले. का म्हणजे? पाणी येतंय. हसलात? हसा. इथं ऊन पडलंय, ओढ्यात धूळ उडतेय, म्हणजे म्हातारी बरळतेय — असंच ना? अहो, ओढा आपल्या डोक्यावरचं आभाळ बघत नाही. तो कात्रजच्या डोंगरातून येतो, तिकडे बघा, काळं झालंय. वरचे दोन ओहोळ टेकडीमागे एक होतात, पुढे इमारतींनी दाबत दाबत त्याचं गटार केलंय, रस्त्याखालच्या पाइपातून सुटला की थेट माझ्या न्हाणीमागच्या वळणावर आपटतो — आणि तुमची निशा नेमकी त्याच वळणात उभी आहे. — काय सांगितलं सुंदराबाईनं कोपऱ्यावर? शकूबाई घराची गिऱ्हाईकं पळवते म्हणून? हो, पळवते. तिघांना पळवलं. एकाला म्हटलं, वर सर्पोद्यान आहे, पुरात काय काय वाहून येतं सांगता येत नाही — अर्धा कप टाकून गेला बिचारा. माझ्या लेकानं, राकेशनं, घर विकायला काढलंय. मला खराडीला चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवणार, तिथं लिफ्टमध्ये कुणी मान वर करत नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले मी, ते ह्याच पडवीत. का सोडू? — बरं, ऐका, आता खरं सांगते. घरात पाणी कधीच आलेलं नाही. उंबरासुद्धा भिजलेला नाही, भिंती बघा, कुठं ओल दिसते? चांगलं घर आहे, डोळे मिटून विकत घ्या. झालं? आता मला खोटं बोलायला कारणच उरलं नाही. आता तरी हाक मारा. — तो पाइपाच्या तोंडाशी फेस बघा, बाटल्या हलायला लागल्या — अहो, उभे काय राहिलात, पळा. डावीकडून, पायऱ्यांनी. हात धरून ओढा तिला.

हं. बस गं, खाली बस. चप्पल गेली तर जाऊ दे, पाणी पी. तिकडे बघू नकोस, तो आवाज आता असाच राहणार. — आभार कसले मानता? काय म्हणालात? घर पसंत आहे?

राकेशशी बोला. जाताना दार ओढून घ्या.