पुढची चाकं

(बेंगळूरु, १९९६. राजाजीनगरात व्यंकोजीमामांचं गॅरेज. शंभूराज वारलेल्या वडिलांच्या, अप्पांच्या, जुन्या जीपखाली पाठीवर पडलेला, त्याचे फक्त पाय दिसताहेत. मेकॅनिक व्यंकोजीमामा बाजूला उभे. त्याची धाकटी बहीण चंदना दारातून आत येते.)

चंदना : कठडा कुठाय?

शंभूराज : आलीस? थांब जरा, खाली बघतोय मी.

चंदना : अण्णा, मी विचारलं काय? गठ्ठे ठेवायचा माझा मागचा कठडा कुठाय?

शंभूराज : कापला. सकाळीच मामांना गॅस कटर लावायला सांगितलं. तिथे डिझेलची दुसरी टाकी बसणार आहे. वाळवंटात पंप कुठे शोधत बसू?

चंदना : मला न विचारता?

शंभूराज : त्यात काय विचारायचं? घरचीच जीप आहे. आणि महिन्याभराचा तर प्रश्न. मस्कतहून रजा काढून आलोय मी, माझ्याकडे टाइम कमी आहे. खाली जाड पत्रा मारायचाय, स्प्रिंगचे पाटे वाढवायचेत, रेडिएटर, होस पाइप, सगळं बदलायचंय. बर्फ पडायच्या आत मनालीवरून लेह, मग खाली उतरून जैसलमेर. अप्पांनी आणि मी ठरवलेलं, तसंच्या तसं.

चंदना : उद्या मागडीला संतेचा बाजार आहे. चिकपेटातनं आणलेल्या साड्यांचे गठ्ठे घरात पडलेत. ते काय डोक्यावर घेऊन जाऊ?

शंभूराज : एक बाजार चुकला तर आभाळ कोसळत नाही.

चंदना : तुझं नाही कोसळत. गौरी-गणपती झाले, आता दसरा तोंडावर आलाय. हेच माझे विक्रीचे दिवस. दोन संते मी गेले नाही, की माझ्या जागेवर दुसरा येऊन बसतो, आणि बसला की उठत नाही. ही जीप माझं दुकान आहे, अण्णा. तू दुकानाची भिंत कापलीस. मामा, तुम्ही तरी कसं कापलंत?

व्यंकोजीमामा : मी म्हटलं त्याला, चंदनाक्काला स्वल्प विचार म्हणून. विचारलंय म्हणाला की.

चंदना : म्हणजे खोटंही बोललास.

शंभूराज : ते नंतर. मामा, टॉर्च द्या आधी. इथे काहीतरी गडबड आहे. पुढचा शाफ्ट कुठे गेला?

व्यंकोजीमामा : काय की.

शंभूराज : काय की म्हणजे? इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना नेतो, तो शाफ्ट. इथे नाहीच तो. जिथे बसतो तिथे नुसतं फडकं गुंडाळलंय. म्हणजे ही फोर-व्हील राहिलीच नाही. वर फोर-व्हीलचा दांडा खुशाल पुढे-मागे होतोय, आणि खाली काही नाही. वाळूत उतरल्या उतरल्या रुतलो असतो मी. चढावर तर विचारायलाच नको.

व्यंकोजीमामा : जुनी गाडी ती.

शंभूराज : जुनी झाली म्हणून शाफ्ट गळून पडतो काय? कोणीतरी बोल्ट सोडवून नीट काढलाय. मामा, ही गाडी तुमच्याशिवाय आणखी कोणाच्या हाताखाली जाते?

व्यंकोजीमामा : कोणाच्या नाही. माझ्याच.

शंभूराज : मग?

व्यंकोजीमामा : मग काय? मी काढला नाही.

शंभूराज : लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जीपचा अस्सल माल. कोणीही डोळे झाकून उचलेल. अप्पा अंथरुणाला खिळलेले, मी परदेशात, आणि हिला गाडी चालवण्यापलीकडे काही बघायला वेळ नाही. चांगली संधी होती.

चंदना : तोंड सांभाळ, अण्णा.

शंभूराज : का सांभाळू? लहानपणापासून मामा मामा करत आलो म्हणून गप्प बसू? यांनी विकला नाही तर गेला कुठे? चोरी ती चोरीच.

व्यंकोजीमामा : चोर म्हणालास. सरी, तसं तर तसं. चंदनाक्का, मी आत बसतो. हा गेला की हाक मार.

चंदना : मामा, तुम्ही कुठे जायचं नाही. अण्णा, तू आधी गाडीखालनं बाहेर ये. तोंड दिसू दे तुझं.

शंभूराज : आलो. बोल.

व्यंकोजीमामा : नको अक्का. राहू दे म्हणतो मी. गेलेल्या माणसाची गोष्ट ती.

चंदना : गेलेल्या माणसाला तुमच्यावर आळ आलेला चालला नसता. अण्णा, तो शाफ्ट अप्पांनी काढला.

शंभूराज : काहीही सांगू नकोस.

चंदना : अप्पांनी, स्वतःच्या हातानं. आत्ता तू पडला होतास तिथेच पाठीवर पडून. मामा म्हणत होते मी काढतो, तर हातातला पाना सोडेनात.

शंभूराज : अप्पा गंजलेला खिळासुद्धा फेकायचे नाहीत. ही जीप तर जीव होती त्यांचा. ते कशाला काढतील?

व्यंकोजीमामा : काढला रे. गावातल्या गावात फिरणारे पुष्कळ जण काढतात. पुढच्या चाकांवरचं ओझं गेलं, की डिझेल स्वल्प कमी जातं. पण अप्पा काढतील असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलंही, शंभू येणार आहे की, मग लागेल. तर म्हणाले, व्यंकोजी, तू तुझं काम बघ.

शंभूराज : कधीची गोष्ट ही?

चंदना : मी नवऱ्याचं घर सोडून परत आले, त्या वर्षीची. तू त्या वर्षीही येतो म्हणालास आणि आला नाहीस. मी साड्या विकायचं म्हणत होते, पण माल न्यायचा कशातनं? अप्पा म्हणाले, जीप घे. तुला परवडेल अशी करून देतो.

शंभूराज : मला काम होतं तेव्हा. साइट सोडून निघता येत नाही तिथे. तुला काय माहीत?

चंदना : मला एवढंच माहीत की तुला दरवर्षी काम होतं. आणि अप्पा दरवर्षी गौरी विसर्जन झाल्या दिवसापासून गाडीला ग्रीस करायला बसायचे. बूथवर रांगेत उभे राहून तुला फोन लावायचे. परत यायचे आणि म्हणायचे, या खेपेला नाही जमत त्याला, पुढच्या वर्षी जाऊ. आम्ही सगळं ऐकायचं आणि वाढलेलं जेवायचं.

शंभूराज : आणि तुमच्या घरात ते वाढलेलं येत कुठून होतं? अप्पांची औषधं कुठून येत होती? मी तिथे चैन करत नव्हतो, चंदना. उन्हात उभा होतो. आता सगळे मिळून मलाच गुन्हेगार ठरवा.

चंदना : त्याबद्दल मी कधी एक शब्द बोलले नाही, आजही बोलत नाही. तू घर सांभाळलंस. पण अप्पांना घरात काही कमी नव्हतं, त्यांना तुझ्याबरोबर जायचं होतं.

शंभूराज : मग फोनवर एकदा तरी म्हणायचं होतं त्यांनी. या वर्षी नाही आलास तर शाफ्ट काढून टाकीन म्हणायचं. मी आलो असतो.

चंदना : आला असतास?

शंभूराज : माहीत नाही.

व्यंकोजीमामा : पुरे आता, दोघंही. शेजारी ऐकताहेत.

शंभूराज : ऐकू देत. चंदना, खरं सांग. अप्पा रागावले होते माझ्यावर?

चंदना : रागावले असते तर शाफ्ट आज जागेवर असता. रागावलेला माणूस वाट बघत बसतो. अप्पांनी वाट बघायची सोडून दिली. हात धुतले आणि मला म्हणाले, मागे कठडा करून घे, नाहीतर गठ्ठे पडतील. आजारी असताना इथे खुर्ची टाकून बसले होते तो होईपर्यंत. आणि तू आज तोच कापलास, त्यांच्या नावानं सहल करायला.

शंभूराज : मला कुठे माहीत होतं?

चंदना : विचारलं असतंस तर कळलं असतं.

शंभूराज : मामा, मघाशी मी जे बोललो, त्याबद्दल...

व्यंकोजीमामा : आज नको. मला लागलंय ते. आज माफी मागशील आणि मी नाही म्हणेन, उगाच आणखी वाढेल. कामाचं बोल. शाफ्ट दुसरा मिळतो, जुन्या बाजारात बघून मी आणून बसवतो. पण मागे जागा एकच. टाकी तरी बसेल, नाहीतर कठडा. काय करायचं ते आत्ता सांगा.

चंदना : यालाच विचारा. कागद याच्या नावावर आहेत, अप्पांनी ते बदलले नाहीत. अण्णा, नेणार असशील तर ने. मी गाडीसमोर आडवी पडणार नाही. पण लेहहून परत आलास की आधी हॉटेल शोध. माझ्या दारात यायचं नाही.

शंभूराज : एवढं टोकाला जायची गरज आहे?

चंदना : तू कटर लावलास तेव्हाच टोकाला गेलं.

शंभूराज : मामा, कठडा जोडा.

व्यंकोजीमामा : आणि टाकी?

शंभूराज : ज्याची आहे त्याला परत करा. शाफ्टही शोधू नका. पत्रा नको, पाटे नको. फक्त कठडा, पहिला होता तसा. सकाळपर्यंत होईल?

व्यंकोजीमामा : होईल. कापलेला जोड दिसेल मात्र.

चंदना : दिसू दे.

शंभूराज : चंदना, उद्या मागडीला मीही येतो.

चंदना : तू कशाला? साड्या विकायला?

शंभूराज : या जीपमधून मला कुठेतरी जायचंय. रजा आहे माझी, दुसरं काय करू?

चंदना : माझा राग गेलेला नाही, आत्ताच सांगून ठेवते. रस्ताभर बोलणार नाही मी तुझ्याशी.

शंभूराज : नको बोलूस. पुढे बसायला जागा आहे ना?

चंदना : आहे. पण मांडीवर गठ्ठा घ्यावा लागतो.