स्थिती : तिसरा पर्याय

(जर्मनीतलं एश्बॉर्न. निवृत्त अध्यापक पद्माकर मुलाच्या घरी. समोर लॅपटॉप घेऊन नबील, पुण्यात शिकून आता जर्मनीत राहणारा त्यांचा सीरियन विद्यार्थी.)

पद्माकर : तर आधी शीर्षक लिही. रविवार, बारा ऑक्टोबर दोन हजार पंचवीस. सकाळचे दहा वीस. चाचणीच्या नोंदी चाळीस.

नबील : तंत्रनिकेतनात पण असंच, सर. आधी तारीख, मग चहा.

पद्माकर : तुझं मराठी अजून मेसवाल्या काकांचंच आहे.

नबील : त्यांनी फुकट शिकवलं. तुमची फी होती.

पद्माकर : नावं काल्पनिक नाहीत ना?

नबील : नाही. सगळी आमच्या गल्लीतली.

पद्माकर : उत्तम. सीरियातली जुनी राजवट पडून दहा महिने झाले. गुरुवारी तू ही नागरिक-नोंदणी तुमच्या नगरपालिकेत बसवायला निघणार. चूक निघायची ती इथेच निघू दे. चालव.

नबील : एकोणचाळीस पास. एकतीस नंबर अडला.

पद्माकर : कोण?

नबील : युसुफ. मोठा भाऊ. 'स्थिती' रिकामी आहे.

पद्माकर : पर्याय दोनच आहेत. जिवंत किंवा मृत.

नबील : गेनाऊ, तेच तर. दोन हजार तेराला लष्कराच्या नाक्यावरून नेला. वहिनी म्हणते, जिवंत. घर मुलांच्या नावावर करायला मृत पाहिजे. मृत लिहिलं की तारीख पाहिजे.

पद्माकर : तुला काय वाटतं?

नबील : काही नाही वाटत, सर. खरंच. तुम्ही सांगा, ते भरतो.

पद्माकर : मला ठाऊक नसलेली तारीख मी सांगणार नाही. दोष आपल्या तक्त्यात आहे. तिसरा पर्याय घाल : बेपत्ता. पुढे दोन रकाने. शेवटचा कधी दिसला, आणि कोणी नेला. अशा माणसाच्या घराचा अर्ज अडता कामा नये, हेही त्यात बसव.

नबील : 'कोणी नेला' हे नगरपालिका लिहील?

पद्माकर : लिहिणार नसेल, तर तिथे फक्त दारावरची पाटी बदलली.

नबील : हो. घातला. …थांबा. आत्ता चालवायला नको.

पद्माकर : का?

नबील : असे बाकीचे पण आहेत. तक्ता अडू नये म्हणून 'जिवंत' टाकलं. त्यांचं टाकता आलं. युसुफचं नाही आलं.

पद्माकर : …चहा घे आधी.

नबील : नको.

पद्माकर : बरं. मग एकेक नोंद उघड. घाई नाही. मी बसलोय.

नबील : (तासाभराने) झालं, सर.

पद्माकर : वाच.

नबील : जिवंत बावीस. मृत सात.

पद्माकर : बेपत्ता?

नबील : अकरा.