पॅक वाळंस्तवर

—आगं हलू नकोस! डोळं मिट, आणि बोलू तर आजिबात नकोस, तोंडावरचा पॅक तडकंल. तुझं काय ते कळलं मला, राणी. घरबसल्या मोबाईलवर सर्व्हे भरायचं, उत्तराला पैसं, फक्त आदी रजिस्ट्रेशनची फी भरायची — व्हय ना? मान नको गं, बोट हलव. हां. मग ऐक, ह्या संयोगिताच्या पार्लरात सल्ला फुकट मिळतो. कडेगावातली राणी कंच्या पेस्टनं दात घासती हे त्यास्नी जाणून घ्यायचंय — म्हंजी मत तुझं, येळ तुझा, आणि पैसं बी तूच द्यायचं? मग त्यांचं काय, नुसता नमस्कार? देणारा कवा आदी मागतो का गं? आणि आधारचा फोटो कशाला पायजे, ओटीपी कशाला पायजे — ओटीपीनं दात घासतीस व्हय तू? तिकडं इंद्रजित भावजी शिरवळच्या कंपनीत डबल ड्युट्या मारत्यात, आणि घरी आल्यावर काय सांगणार तू — आवं, तुमचं पैसं एका बाईनं मला शाम्पूबद्दल इचारायला घेतलं! तो समोर आरशावर कागद चिकटवलाय न्हवं, सायबर पोलिसांच्या नंबराचा? मीच लावलाय. तुझ्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी.

आमच्या आत्यांचं ऐकलंस का न्हाई — सासूबाईंचं, हरणाबाईंचं? त्यास्नी बी आलता फोन. आजी, सर्व्हे हाय, उत्तरं द्या, मिक्सर बक्षीस. मिक्सर म्हटल्यावर काय, बाई मांडी घालूनच बसल्या! चहा कंचा, म्हशी किती, सून कशी — सून कशी हे त्यानं इचारलंच न्हवतं, ह्यांनी आपणहून सांगितलं, ते बी इस्कटून. मग तो म्हणतो, बँकेचं खातं कुणाच्या नावावर हाय त्यांचं नाव सांगा. खातं सासऱ्यांचं. आता नवऱ्याचं नाव आत्या कशा घेतील? लाजल्या की! तो म्हणतो, सांगा आजी, लाजू नका. ह्या म्हणत्यात, आसं सरळ न्हाई रं घेत, थांब, उखाणा घेती. आणि घेतला बाई — महादेवाच्या पिंडीपासनं निघाल्या त्या उसाच्या फडापतुर आल्या, तरी नाव काय यीना! त्यानंच वैतागून फोन ठेवला. खातं जिथल्या तिथं. मी इतकी हसली, इतकी हसली — म्हटलं, आत्या, तुमच्या लाजेनं वाचवलं, डोक्यानं न्हवं.

मी काय तसली न्हाई बाई. मी पारखून घेती. माझं सर्व्हेच येगळं, परदेशी कंपनीचं — डोळं मिट म्हटलं ना! तुला बोलली न्हवती मी, उगं दहा तोंडाला जातंय. त्यांनी आदी मला पैसं दिलं, कळलं? शाम्पूचं दिलं, साबणाचं दिलं, खात्यात आलं. फसवणारा आसं देतो व्हय? मग गोल्ड मेंबर व्हायला मी थोडं भरलं — आगं ती फी न्हवं, अनामत! फी येगळी, अनामत येगळी, तेवढाच फरक तुमास्नी कळत न्हाई. सगळं वाढून परत येणार हाय. ॲपवर आकडा दिसतोय की मला, रोज बघती. आता नुसता ट्याक्स तेवढा भरला की काढता येतंय. ह्यांनी घराच्या स्लॅबसाठी धाडलेलं, तिकडं बॉर्डरवर बर्फात उभं राहून — त्यातलंच जरा घेतलंय. जरा म्हंजी... असू दे. ह्यांची रजा लागायच्या आत जिथल्या तिथं ठिवती, ह्यास्नी कळायचं बी न्हाई. आणि त्या श्रद्धा मॅडम किती गोड बोलत्यात! खात्यावर कुणाचं नाव म्हटल्यावर मी काय आत्यांवाणी लाजत बसली न्हाई, घडाघडा सांगितलं, वीरधवल — आगं बाई! घेतलं की गं तुझ्यासमोर! हसू नकोस, तडकला बघ गालावर.

कुणाचा वाजतोय? तुझाच. राहू दे, तुझं हात भरल्यात, मी बघती. तीच असणार, फीवाली. थांब, आज हिला सरळच करती. फोटो बी लावलाय म्हणं — पिवळी साडी, चष्मा, मागं कुंडी. नाव काय — श्रद्धा मॅड...

...

न्हाई. काय न्हाई झालं. वाजू दे तो, उचलू नकोस. उचलू नकोस म्हटलं ना! ऊठ तू. वाळला पॅक. न्हाई वाळला तर घरी जाऊन धू. पैसं देऊ नकोस मला, आणि तिला तर आजिबात देऊ नकोस, एक रुपाया बी न्हाई, ऐकलंस का? माझा फोन कुठाय... हितंच हुता की. राणी, तो आरशावरचा नंबर वाच गं जरा. मला दिसंना झालाय. हळू वाच. ...परत एकदा.

बास. जा आता. भाईर ओसरीवर आत्या बसल्यात, त्यास्नी काय बोलू नकोस — न्हाई, थांब. आत पाठव त्यास्नी. आणि जाताना दार ओढून घे.