नावेत बांधलेली खुर्ची

माझं गाव शेळगाव, इंदापूर तालुका. जल्म हितलाच, आन् मरणबी हितंच यावं असं वाटायचं, पण आता आमच्या मंडळींच्या नादानं त्ये कुठं येईल सांगता येत न्हाय. हसू नका ताई, वहीत लिव्हा, खरं सांगतोय. मी भित्रा माणूस हाय. पयला नव्हतो. इस-बावीस वर्सं कारखान्याला ऊस वाहिला, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून, पण छातीत कंदी धडधडलं न्हाय. आन् ऊस भरला की बांधायचं काम माझं. दुसऱ्याच्या गाठीवर माझा इस्वास न्हाय. दोर टाकायचा, पाय लावून वढायचा, आन् अशी गाठ मारायची की दात लावल्याबिगर सुटू नये. माझ्या ट्रॉलीतनं कांडकंसुदीक खाली पडत न्हाय असं लोक सांगायचे, आन् मलाबी त्याचा लई ताठा व्हता.

आमची मंडळी म्हंजी शालन, कळंबची लेक. सोळा एकराची मालकीण न्हाय, पण बोलणं तसं. तिला लगीन झाल्यापास्नं एकच हौस, कुठंतरी जायाचं. काय काम हाय तितं, मी इचारायचो. ती म्हणायची काम न्हाय, नुस्तं बघायचं. आता आमच्यात बाईमाणसाचं फिरणं म्हंजी माहेर, लगीनकार्य आन् दवाखाना. नुस्तं बघायला कोण जातंय? मी म्हणायचो जाऊ की, हंगाम सरू दे. आन् हंगाम काय सरतोय व्हय, ऊस सरला की लागण, लागण सरली की खुरपण. असं करत करत पोराचं लगीन झालं, सून आली, आन् शालन काय इंदापूर-बारामतीच्या पल्याड गेली न्हाय.

मग त्यो दिवस. काय सांगू तुमाला. पण लिव्हायला बसलाय तर लिव्हा. सहा वर्सं झाली. म्हशींला वाढं आणायला गेलतो, ऊसाची हिरवी शेंडं असतात ना, ती. ट्रॉली शिगोशीग भरली, आन् शालन वर चढून बसली, समद्याच बाया बसत्यात. पाटाच्या वळणावर भारा घसरला आन् ती वाढ्यासकट खाली, पाटाच्या दगडी काठावर, पाठीवर. बारामतीला दवाखान्यात नेली. डाक्टरनी इचारलं कसं झालं, म्या म्हणलं दोर तुटला. सासऱ्यांला सांगितलं दोर तुटला. नितीनला, माझ्या पोराला, सांगितलं दोर तुटला. समद्या गावाला त्येच सांगितलं. तुटला नव्हता ताई. म्या बांधलाच नव्हता. घर हाकंच्या अंतरावर, म्हणलं एवढ्याला कशाला. इस वर्सं ऊसाचं कांडकं पडू दिलं न्हाय, आन् घरचं माणूस पाडलं. कमरंखालनं तिला काय कळत न्हाय तवापास्नं, आन् खुर्चीवर पाठ टेकल्याबिगर बसायचा तोल न्हाय.

तवापास्नं भ्या जे घुसलं त्ये घुसलंच. चाकाची खुर्ची घरात आली, आन् मी ती बांधायला लागलो. वट्यावर बसवली की चाक खांबाला बांधायचं. अंगणात आणली की झाडाला. खुर्चीला ब्रेक हायत ओ, बोटानं दाबलं की लागत्यात, पण मला इस्वास न्हाय. तिच्या कमरंलाबी पट्टा, आन् पट्ट्यावरनं आणिक दोर. ती वरडायची, अवो मी काय म्हस हाय का दावणीची? मी म्हणायचो गप बस. सून रेखा मला दिसंल न दिसंल असा दोर सोडायची, मी पुन्यांदा बांधायचो. दोन वर्सं त्या घराला ह्यो एकच धंदा.

मग नितीननं जुनी पिकअप घेतली, डाळिंबाला. वाहायला म्हणून घेतली पण त्याच्या मनात येगळंच. कळंबला एक वेल्डिंगवाला हाय, त्याच्याकडनं मागं दुमडती लोखंडी उतरण करून घेतली, खाली सोडली की खुर्ची सरळ वर चढती. आतमधी चाकं अडकवायला हुक, पट्टे, समदं. पोरगं म्हणलं आबा, आता आईला उचलायची गरज न्हाय, आई म्हणंल तितं जाऊ. शालन म्हणली मला आत्ताच ने. पयल्यांदा बारामतीला गेलो, बाग बघायला. बाग चांगली, पण दाराला पायऱ्या. कडंनं हिंडून एक उतार सापडला, तितं कुणीतरी फटफट्या लावलेल्या. हाटेलात गेलो तर संडासाचं दार येवढं अरुंद की खुर्ची आत जाईना. आन् शालननं तर सकाळपास्नं पाण्याचा घोट घेतला नव्हता, कुठं जावं लागंल म्हणून. बायामाणसाचं ह्ये असं हाल, मला त्या दिवशी कळलं. तरीबी घरी आल्यावर तिचं तोंड असं फुललेलं, की मी इचारलं येवढं काय बघितलंस? म्हणली माणसं बघितली.

मग यंदा तिला त्या पक्ष्यांचं याड लागलं. भिगवणच्या पल्याड धरणाचं पाणी पसरलंय बघा, तितं हिवाळ्यात त्ये फ्लेमिंगो येत्यात, लांब पायाचे, पंखांत लाल. रेखानं मोबाईलवर दावलं. शालन म्हणली आपल्याच तालुक्यात हाय आन् जगभरनं माणसं बघायला येत्यात, मी मेल्यावर बघू का? नावंतनं जावं लागतंय, पाण्यातनं. म्या म्हणलं जमायचं न्हाय. खुर्ची आन् पाणी? नितीननं फोनवर त्या नाववाल्या तात्यांना इचारलं, त्ये म्हणले आणा, फळ्या टाकतो, माझी नाव रुंद हाय, आमी पावण्यांच्या म्हाताऱ्या बसवतो तशी बसवू. माझं आठ दिस जेवणावरनं मन उडालं. घास घेतला की डोळ्याम्होरं पाणी यायचं, आन् पाण्यात खुर्ची.

त्या दिवशी सकाळीच गेलो. पाणी मागं हटलेलं, काठाला नुस्ता चिखल. तात्यांनी त्यावर फळ्या टाकल्या, फळीवर फळी, आन् नितीन मागं, तात्या म्होरं, मी बाजूला, असं खुर्ची ढकलत नेली. फळी दबायची आन् चिखल बुडबुड करायचा. नावंत ठेवल्यावर नाव एका अंगाला कलली. मी वरडलो. शालन हसली. तात्या म्हणले ब्रेक लावा, दोघं दोन्ही बाजूला बसा, मी तरंगायची जाकिटं घेऊन येतो. त्ये गेले, नितीन आन् रेखा गाडी लावायला गेली. आन् मी काय केलं सांगू? पिकअपमधनं दोर आणला व्हता, धोतराच्या सोग्यात दडवून. ट्रॉलीचाच नायलॉनचा दोर. खुर्चीची चारी चाकं नावंच्या आडव्या फळीला बांधली, आन् तिची कमर खुर्चीला, तीन येढं, वरनं माझी गाठ. तिला म्हणलं बोलू नगंस. मग तिच्या मांडीवरनं चाकांपतुर शाल पसरली, कुणाला दिसू नये म्हणून. मला तवा कसं निवांत वाटलं. म्हणलं आता काय बी हुंदे, ही पडत न्हाय. तात्यांनी येऊन तिला जाकीट घातलं आन् मोटार चालू केली.

पाणी बघाल तर कड न्हाय. म्या भीतभीत इचारलं तात्या, खोल किती असंल? त्यांनी दोन पुरुष उंचीचा बांबू घातला आन् वर काढला, म्हणले हितं तळ लागत न्हाय. इचारलं न्हाय तर बरं झालं असतं. शालन मातूर मान वर करून बसलेली, वाऱ्याला तोंड देऊन. लांब कडंला एक गुलाबी पट्टा दिसायला लागला. रेखा म्हणली आई, त्येच ते. आन् तवाच वारं सुटलं. पयला नुस्ता पदर उडाला, मग लाटा आल्या, बारक्या न्हायत, नावंच्या वर पाणी टाकणाऱ्या. पाणी आत आलं. तात्या वरडले समदी खाली बसा, कडा धरा, आन् तेवढ्यात वाऱ्यानं शालनच्या मांडीवरची शाल उडून गेली.

तात्यांनी मोटार बंद केली. म्या म्हणलं आता मोटारबी बिघडली! त्ये म्हणले मोटार न्हाय बिघडली पावणं, तुमचं डोकं बिघडलंय, ह्ये कुणी बांधलं? म्या म्हणलं म्या, पडंल ना ती. त्ये म्हणले अवो, पडली तर जाकिटानं वर ऱ्हाईल, आमी उचलू. नाव उलटली तर ही लोखंडासकट तळाला जाईल, कोण सोडवणार खाली? जाकीट वर वढंल आन् खुर्ची खाली, कोण जिंकंल सांगा की. सोडा आधी, सोडा!

ताई, त्यावेळी मला समजलं न्हाय असं न्हाय. समजलं. पण हात उचलंना. नितीन गाठीवर तुटून पडला, नखं लावतोय, गाठ भिजून आवळलेली, सुटतीय कशी, माझी गाठ. चाकू आणा चाकू, तात्या मागं पेटीत हुडकत्यात, नाव हिकडनं तिकडं. आन् मी काय करत व्हतो तर दोराचं टोक धरून बसलोतो. पोराला म्हणतोय सोडू नगंस, पडंल ती, पडंल. पोरगं रडकुंडीला आलं.

तवा शालन बोलली. वरडली न्हाय, घरात चुलीपाशी बोलावं तसं बोलली. अवो, त्या दिवशी बांधलं न्हाय, आन् आज सोडत न्हाय. तुमाला कवा कळायचं?

माझा हात सुटला. म्हंजी तिला ठावं व्हतं. सहा वर्सं. म्या तिच्या तोंडाकडं बघितलं, ती म्हणली मी वर बसलेली, मला दोर दिसत नव्हता का तुमच्या सीटमागं गुंडाळलेला? मीबी म्हणलं एवढ्याला कशाला. आता बोलायची येळ न्हाय ही, सोडा मला.

मग मी गुडघ्यावर बसलो, पाण्यातच, आन् तिच्या मांडीत तोंड घालून दातानं गाठ वढाय लागलो. दोराला डिझेलचा वास. दात हलत्यात का दोर हलतोय कळंना. पाणी तोंडात, डोळ्यांतलं का धरणातलं कुणाला ठावं. नाव कलली की तिचा हात माझ्या डोक्यावर जोरात दाबायचा, मला आधार देती का सोता आधार घेती त्येबी कळंना. एक येढा सुटला. दुसरा सुटला. तिसरा सुटला तवर तात्यांना चाकू घावला, नितीननं खालच्या चाकांचा दोर कापून टाकला, आन् शालन नावंत मोकळी बसली, ब्रेकवर, दोन्ही अंगानं पोरगं आन् सून. काय बी बांधलेलं न्हाय. येवढं भ्या म्या जल्मात खाल्लं न्हाय. आन् वारं काय लगेच थांबलं न्हाय, लोकं सांगत्यात तसं व्हत नसतंय. थोडं चाललं, मग कमी झालं.

त्येवढ्यात कवातरी समदे पक्षी एकदम उठले म्हणं. आभाळ गुलाबी झालं, रेखा वरडली, तात्यांनीबी वर बघितलं. मला काय दिसलं न्हाय. माझं तोंड तिच्या मांडीतच, मी उठलोच न्हाय. शालन सांगत व्हती, अवो बघा, बघा की, पंखांखालनं लाल, जशी पेटती चूल. म्या म्हणलं तू बघ. तू बघून सांग.

काठाला आलो तवा तात्या म्हणले पावणं, गाडीत बांधायचं, पाण्यात सोडायचं, येवढं ध्यानात ठेवा. आन् वरनं म्हणले तुमची बाय माझ्या नावंत कंदीबी येऊ द्या. नितीनला त्याच रात्री सांगितलं, जेवताना, की दोर तुटला नव्हता. पोरानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणलं आबा, जेवा. आजून त्यानं त्याबद्दल काय काढलं न्हाय. काढंल कवातरी, हक्क हाय त्याचा.

आता आजचं सांगतो. शालनला आता समुद्र बघायचाय. रेखानं मोबाईलवर हुडकलंय, एका ठिकाणी वाळूत चालणारी जाड चाकांची खुर्ची मिळती म्हणं, संडासाचं दार रुंद असलेली खोलीबी हाय, पोरीनं फोन करून दाराची मापं इचारली. परवा निघायचं. धरणाला तरी पल्याडचा काठ हाय, समुद्राला कुठं हाय. मी भितोच हो, खोटं कशाला बोलू, आन् आता ह्ये भ्या काय जायाचं न्हाय, माझ्याबरोबरच जाईल. मगाशी पिकअपमधी तिला बसवून बघत व्हतो, हुक लागत्यात का म्हणून. दोर हातात घेतला आन् थांबलो. इचारलं, शालन, बांधू का? सहा वर्सांत पयल्यांदा इचारलं बघा. ती म्हणली बांधा, पण सैल बांधा, मला मागं वळून घर बघता आलं पायजे.

घ्या, च्या घ्या ताई. गार झाला. तुमच्या घरची माणसं कुठंबी जाऊ द्यात, सुखरूप माघारी येऊ द्यात.