अडतिसाव्या पट्टीखालची गुंडी

मी, नाव ठाण्याच्या वहीत लिहिले आहे तेच, कारखान्यात ठिपकेबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ५९ वर्षे (साठ नव्हे, खोडून दुरुस्त करावे), धंदा सध्या काही नाही, पूर्वी वाद्यांच्या कारखान्यात तपासनीस, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, आज दुपारी २ वाजून १० मिनिटांनी हवालदारांबरोबर ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे.

वरील पत्त्यावर मी व माझा मुलगा, वय २५, असे दोघे राहतो. माझे पती दहा वर्षांपूर्वी मयत झाले. मुलगा गाण्यांच्या कार्यक्रमांत सिंथेसायझर वाजवतो. मी त्याच सिंथेसायझरच्या कारखान्यात बावीस वर्षे नोकरी केली. एका मशीनला एकसष्ट पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी तीन वेळा दाबायची, हळू, मध्यम आणि जोरात, आवाज सारखा आला की पट्ट्यांच्या सांगाड्याचा स्क्रू आवळायचा आणि त्यावर लाखेचा ठिपका द्यायचा, हे माझे काम होते. ठिपका अर्धा स्क्रूवर व अर्धा पत्र्यावर द्यायचा असतो, म्हणजे नंतर कोणी स्क्रू फिरवला तर कळते. प्रत्येक टेबलाचा रंग वेगळा. माझा पोपटी होता.

माझी वीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा कारखान्याने मला एक मशीन भेट दिले. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो त्यावरून जेवायलाही उठत नसे. पुढे दोन वर्षांनी काय झाले ते मला कळले नाही, पण तो त्याला नावे ठेवू लागला. इथला माल, इथली कामं, तुमच्या कारखान्याची कळा, असे बोलू लागला. तेच मॉडेल बाहेरच्या देशात बनलेले असेल तर त्याचा आवाज गोल येतो, असे त्याचे म्हणणे. मी त्याला एकदाच म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्यावर तो दोन दिवस बोलला नाही. नंतर मीही तो विषय काढला नाही.

आज सकाळी १० च्या सुमारास मुलगा ते मशीन चादरीत गुंडाळून निघाला. विचारता म्हणाला, वाद्यांच्या दुकानात तेच मॉडेल जुने पण बाहेरच्या देशाचे आले आहे, आपले देऊन ते आणणार. मी चप्पल घातली व मागोमाग गेले. माझे मशीन घरी परत यावे, एवढाच माझा हेतू होता. दुसरा कोणताही हेतू नव्हता.

आम्ही १०.४० ला दुकानात पोचलो. दुकानदार ओळखीचे नाहीत. त्यांनी दोन्ही मशीन शेजारी शेजारी ठेवली व उलटी करून तळाचे लेबल दाखवले. दोन्हींत फरक तेवढाच होता. दुकानदार मला म्हणाले, "मावशी, तिकडच्या मालाची गोष्टच वेगळी. तुमचा मुलगा डोळे मिटून ओळखेल." मी म्हणाले, "मग ओळखू दे."

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुकानदारांनी दोन्ही मशीनवर एकच सूर आळीपाळीने वाजवला. मुलगा म्हणाला, "पहिलं तिकडचं. काय गोलाई आहे बघा." पहिले आमचे होते. दुकानदार म्हणाले की आज स्पीकर जरा बसलेला आहे. मी हसले नाही. दुकानदारांनी तक्रारीत मी हसले असे लिहिले आहे, ते खोटे आहे.

त्यानंतर मी सवयीने बाहेरच्या देशाच्या मशीनच्या पट्ट्या एका टोकापासून दाबू लागले. अडतिसावी पट्टी हळू दाबली असता आवाज आला नाही. मध्यम दाबली असता आला, पण उशिरा. मी ते दुकानदारांना सांगितले. ते म्हणाले, "इतकं कुणाला कळतंय?" मला कळत होते. मी स्क्रू ड्रायव्हर मागितला, त्यांनी सीलचे कारण सांगून दिला नाही. स्क्रू ड्रायव्हर माझ्या पर्समध्ये असतो. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला गिटार दाखवायला आत गेले तेवढ्यात मी तळाचे चौदा स्क्रू काढले. दुकानाचे सील त्यात फाटले, हे मला मान्य आहे. तोडफोड केली हे मान्य नाही. तोडणे वेगळे व उघडणे वेगळे.

आतील सांगाड्याच्या स्क्रूवर पोपटी ठिपका होता. अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर.

याबाबत खुलासा असा की, आमच्या कारखान्यातून पट्ट्यांचे तयार सांगाडे खोके भरून बाहेरच्या देशात जात असत. तिथे त्यावर झाकण बसवून तिथले लेबल लावत. हे कारखान्यात सर्वांना ठाऊक होते. घरी मी कधी सांगितले नाही, कारण पिकते तिथे विकत नाही, आणि सांगून पोराला पटले नसते. दुकानदार हे ऐकून म्हणाले की त्यांना याची कल्पना नव्हती. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. त्यांची सध्याची तक्रार फक्त सीलबद्दल असावी असे वाटते.

ठिपका पाहून मला प्रथम बरे वाटले, हे मी लपवत नाही. मुलाला मी हाताने जवळ बोलावून दाखवलेही. परंतु पट्टीखाली रबराची गुंडी असते. तिचे शेपूट बोर्डाच्या भोकातून ओढून घ्यावे लागते, तर ती घट्ट बसते. अडतिसाव्या गुंडीचे शेपूट ओढलेले नव्हते. गुंडी नुसती वर टेकलेली होती. ते वाहतुकीत निघत नाही, हवेने निघत नाही व देश बदलल्याने निघत नाही. ते आधीपासूनच तसे होते. म्हणजे त्या पट्टीचा आवाज सारखा आलेला नसताना मी ठिपका दिला होता. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून नादुरुस्त माल गेल्याची तक्रार नाही. आज मीच मला पकडले.

मुलाने मोबाईलचा उजेड धरला होता. सांगाड्याच्या आतल्या बाजूला तारखेची चिठ्ठी असते, ती त्याने मोठ्याने वाचली. मग थांबला. तो म्हणाला, "बाबा गेले त्याचा चौथा दिवस हा." मी हो म्हणाले. तो म्हणाला, "त्या दिवशी मी उठलो तर घरात कुणी नव्हतं. डबा भरून ठेवलेला होता. तू कामावर गेली होतीस. आई, चौथ्या दिवशी? मला उठवून सांगायचं तरी."

यावर मी पर्समधील चिमट्याने शेपूट ओढून घेऊ लागले. मुलाने उजेड हलवला नाही. त्या वेळी ११.५० झाले होते. दुकानदारांनी फोन केला व १२.१५ ला हवालदार आले. मी त्यांना पाच मिनिटे थांबा म्हणाले, ते थांबले नाहीत. सहा स्क्रू लावायचे राहिले आहेत. ते लावल्याशिवाय सदर मशीन विकू नये, अशी माझी विनंती आहे.

ठाण्यातील साहेबांनी विचारले की, बाई, तुम्ही त्यातल्या, तर मग तिकडचा माल चांगला की इकडचा? त्यावर माझे म्हणणे असे की, लेबलावर देश लिहितात. त्या दिवशी टेबलावर बसलेल्या बाईच्या घरी काय झाले होते, ते लिहीत नाहीत. त्या दिवशी माझ्या टेबलावरून त्रेचाळीस सांगाडे गेले. ते कुठे कुठे गेले मला माहीत नाही. त्यांतल्या कोणत्याही पट्टीबद्दल कोणी कुठल्याही देशाला नावे ठेवत असेल, तर तो दोष माझ्या नावावर घ्यावा.

यापुढील मजकूर गुन्ह्याशी संबंधित नाही, लिहिण्याची गरज नाही, असे साहेब म्हणाले. मी म्हणाले, लिहा.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी दुकानात दिले नाही, ते इथे देते. त्या सकाळी तो झोपलेला होता. झोपेत त्याचा चेहरा थेट वडिलांसारखा दिसतो. तो उठला की मला विचारणार, आता आपलं कसं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. मला त्याची भीती वाटली. माझ्या पंधरा वर्षांच्या पोराची मला भीती वाटली. कारखान्यात पट्टी दाबली की आवाज येतो, एवढे मला नक्की माहीत होते. म्हणून मी गेले. दिवसभर पट्ट्या दाबत होते, पण ऐकत नव्हते. त्याला उठवायला हवे होते. ती चूक गुंडीच्या चुकीपेक्षा मोठी आहे आणि ती माझीच आहे. तिला चिमटा चालत नाही.

दुकानदारांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. सीलची भरपाई देण्यास मी तयार आहे. मशीन बदलावे की नाही हे मुलाने ठरवावे, मी पुन्हा मधे पडणार नाही. मुलगा सध्या बाहेरच्या बाकावर बसलेला आहे. नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवतात असे कळले. तो जरा मोठ्याने वाचावा व दार लोटू नये, एवढी विनंती आहे.

वरील जबाब दार उघडे ठेवून मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. बाहेरच्या बाकावरून विनंती आल्याने शेवटून दुसरा परिच्छेद पुन्हा एकदा वाचण्यात आला. दोन्ही वेळा तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.