डुएनच्या जागी

आर्डिस: तू हलतोयस. मी नाही.

व्हर्न: तिवई हलतेय.

आर्डिस: तिवई मी दोन्ही हातांनी धरलीय. श्वाससुद्धा तुला विचारून घेतेय. तुझ्या कोपराला कंप सुटलाय, व्हर्न.

व्हर्न: उभ्यानं नेम धरायची सवय नाही. सगळी हरणं मचाणावर बसून मारलीत मी.

आर्डिस: मग कर सवय. तिकडे आफ्रिकेत तुझ्यासाठी कुणी मचाण बांधून ठेवणार नाहीये, असं तूच सांगत होतास. चालत जायचं, पुढच्या माणसानं या तीन काठ्या रोवायच्या, तू त्यांवर बंदूक टेकवायची आणि जनावर कंटाळून निघून जायच्या आत चाप ओढायचा.

व्हर्न: तू बोलत राहिलीस तर ते निघूनच जाईल. गप्प राहा जरा. हं... ओढला.

आर्डिस: खट वाजलं. कुठे लागली?

व्हर्न: खांद्याच्या मागे. बरोब्बर.

आर्डिस: म्हणजे पुन्हा चुकली. बंदूक खाली कर, मी भिंतीवरच्या चित्राजवळ जातेय.

व्हर्न: रिकामी आहे गं.

आर्डिस: रिकाम्या बंदुकीनंच तुझ्या काकाचा अंगठा गेला. खाली कर. आता बघ, इथे. पुढच्या पायाच्या रेषेत वर यायचं, अंगाच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबायचं. तो तुझा तिकडचा शिकारी, हेनी, तो फोनवर समजावत होता तेव्हा मी पीठ मळत होते. मला पाठ झालं. तिकडच्या या कुडू हरणाचं काळीज आपल्या हरणासारखं नसतं. पुढे असतं आणि खाली.

व्हर्न: माहीत आहे मला.

आर्डिस: तुला माहीत आहे, तुझ्या हाताला नाही. तुझ्या नेमानं ते बिचारं पोटात गोळी घेऊन दिवसभर काटेरी झाडीत फिरेल. ड्रायरवरच्या भिंतीला चिकटवलेला कागद तुला नीट मारता येईना.

व्हर्न: चाळीस वर्षं हात तिथेच जातो. महिनाभरात कसा वळणार?

आर्डिस: तो वळेल. मला काळजी शिंगांची आहे. केवढी ती पिळदार शिंगं! बैठकीत नाही लावायची, आधीच सांगते. माझ्या आईच्या घड्याळाशेजारी तर नाहीच नाही.

व्हर्न: मग कुठे?

आर्डिस: गॅरेजमध्ये. गाडी बाहेर ठेव. आणि मांस? इतकं मोठं जनावर. आपला फ्रीझर तर मागच्या हरणाच्या सॉसेजनंच भरलाय.

व्हर्न: मांस आणता येत नाही. तिकडेच राहतं. छावणीत शिजवतात, उरलेलं शेतावरची माणसं नेतात.

आर्डिस: म्हणजे तू इतक्या लांब जाणार, मारणार, आणि मला नुसती शिंगं. बरं झालं. दळायचे कष्ट वाचले.

(वॉशिंग मशीन गदगदा हलून थांबतं.)

आर्डिस: थांब, हे कपडे काढू दे. एवढे मोजे कुठे नेतोयस? लग्नाला निघाल्यासारखे.

व्हर्न: एवढे लागणार नाहीत. हेनी म्हणाला, तीन जोड कपडे पुरे. तिकडे रोज धुऊन, इस्त्री करून देतात.

आर्डिस: रोज?

व्हर्न: रोज. सकाळी पलंगावर टाकायचे, संध्याकाळी घडी घातलेले मिळतात.

आर्डिस: काय सांगतोस! मग हे मीच नाही का जायला हवं? तू इथे थांब, मी जाते. काय झालं? असा का बघतोयस?

व्हर्न: ती खोकी बघ. पायऱ्यांपाशी. वरचं.

आर्डिस: पार्सल आलं, पार्सल आलं म्हणून नाचत होतास ते? टोपी. दोन टोप्या. ही दुसरी तुझ्या टाळूवर नुसती बसेल व्हर्न, आत नाही जाणार. लहान मागवलीस. परत करावी लागेल.

व्हर्न: नाही करायची. ती तुझी आहे.

आर्डिस: माझी?

व्हर्न: तुझं नाव घातलंय मी. शिकार न करणारा माणूसही बरोबर नेता येतो. बंदूक वगैरे काही नाही. गाडीत मागे बसायचं, बघायचं. ते जेवण देतात, चहा देतात. थंडी असते मात्र, जूनमध्ये तिकडे हिवाळा. तुझा तो निळा स्वेटर घे.

आर्डिस: मी. आफ्रिकेत.

व्हर्न: नामिबियात.

आर्डिस: तेच ते. मी डुलुथ शहराच्या पलीकडे सरोवर बघायला चल म्हटलं तर तुझ्या पाठीत उसण भरायची. आणि आता एकदम आफ्रिका! घाल बघू डोक्यावर. कशी दिसते?

व्हर्न: छान दिसते.

आर्डिस: खोटं. पण असू दे, आवडली मला. दोरी हनुवटीखाली बांधायची ना? आरसा तरी... व्हर्न.

व्हर्न: काय?

आर्डिस: त्या बुकिंगात तुझं आणि डुएनचं नाव होतं. दोघांचं. दोन वर्षं तुम्ही दोघं दोस्त त्या एका नकाशावर कॉफी सांडत होता.

व्हर्न: डुएनला जमणार नाही आता. तुला माहीत आहे.

आर्डिस: मला माहीत आहे. मार्चपासून दर रविवारी मी त्याला पुडिंग नेऊन भरवते. मी ते विचारत नाहीये. त्याचं नाव काढलंस आणि माझं घातलंस?

व्हर्न: बदललं. दोघांची जागा होती. एक रिकामी राहिली असती.

आर्डिस: रिकामी राहिली असती.

व्हर्न: तसं नाही म्हणायचं मला.

आर्डिस: मग कसं म्हणायचंय? सावकाश म्हण. घाई नाही, कपडे वाळायला वेळ लागेल.

व्हर्न: मला वाटलं तुला आवडेल.

आर्डिस: डुएनला अर्धांगाचा झटका आला नसता, तो धडधाकट असता, तर मला विचारलं असतंस? माझ्याकडे बघ. खोटं बोलू नकोस, तुला ते कधीच जमलेलं नाही.

व्हर्न: नसतं विचारलं.

आर्डिस: हं.

व्हर्न: रागावलीस.

आर्डिस: नाही रे. रागवायचं वय गेलं. टोपी घे ही.

व्हर्न: दरवर्षी नोव्हेंबरात तूच म्हणायचीस, जा, खुशाल जा.

आर्डिस: म्हणायचेच. पहिल्या वर्षी मात्र म्हटलं नव्हतं. तेव्हा कॅरिन चार महिन्यांची होती. तू आणि डुएन पहाटे गाडी भरून शिकारीच्या झोपडीवर गेलात, आणि दुपारी घर गरम ठेवणारी ही भट्टी बंद पडली, ही इथली तळघरातलीच. बाहेर बर्फ, घरात माझा श्वास दिसत होता. पोरीला खोकल्याची उबळ. मी तिला माझ्या कोटाच्या आत बांधली आणि ओव्हनचं दार उघडं टाकून स्वयंपाकघरात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी शेजारचे हाल्वोरसन येईपर्यंत.

व्हर्न: हे तू कधी सांगितलं नाहीस.

आर्डिस: तू आलास तेव्हा गाडीच्या टपावर आठ टोकांच्या शिंगांचं हरीण होतं. अंगणातूनच ओरडत आलास, "आर्डिस, बाहेर ये, बघ!" इतका खूष होतास. मी कोट घालून बाहेर आले आणि बघितलं. काय सांगणार होते?

व्हर्न: सांगायला हवं होतंस.

आर्डिस: मग गावात कळलं की सगळ्याच बायका अशा. हंगामाच्या पहिल्या शनिवारी दुकानांवर पाट्या लागायच्या, आठवतं? शिकारविधवांना सूट. नवरे ठणठणीत, आणि आम्ही विधवा. हसत हसत जायचो सगळ्या. मी त्या सवलतीत बैठकीचे पडदे घेतले, लोकर घेतली, एकदा तर हिरवे बूट घेतले. तुला आजवर कळले नाहीत ते हिरवे बूट.

व्हर्न: पडदे कळले होते.

आर्डिस: पडदे तुला नाकात धूळ गेली म्हणून कळले. नंतर सवय झाली. मग त्याच्याही नंतर मला आवडायला लागलं, हे मात्र तुला खरं सांगते. रात्रीच्या जेवणाला नुसता टोस्ट. पलंगावर आडवं झोपायचं. एका नोव्हेंबरात मी स्वयंपाकघर पिवळं रंगवलं, आणि तू आठ दिवस ओळखलं नाहीस.

व्हर्न: म्हणजे मी जायची तू वाट बघायचीस?

आर्डिस: बघायला शिकले. तू राहणार नव्हतासच, मग दुसरं काय शिकणार? आता तोंड पाडू नकोस. काठ्या धर, पुन्हा नेम लाव.

व्हर्न: गुरुवारी डुएनकडे गेलो होतो. हेच चित्र घेऊन, पहिली प्रत. त्याला म्हटलं, बघ, हाच तो आपला कुडू. त्यानं बराच वेळ बघितलं. मग चांगल्या हातानं घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मी मागितली तर देईना.

आर्डिस: अरे देवा.

व्हर्न: म्हणून ही दुसरी प्रत काढली.

आर्डिस: मग नको जाऊस. रद्द कर. कुणी हसणार नाही तुला.

व्हर्न: डुएन म्हणाला, जा.

आर्डिस: डुएनला बोलता येत नाही, व्हर्न.

व्हर्न: मग मीच म्हणालो. त्याच्या आवाजात.

आर्डिस: बस जरा. त्या बादलीवर बस. बंदूक मला दे. हं. भीती वाटतेय का तुला? तिकडची जनावरं, साप?

व्हर्न: साप नाही. संध्याकाळ.

आर्डिस: संध्याकाळ?

व्हर्न: शिकार झाली की तिकडे शेकोटी पेटवतात. सगळे खुर्च्या घेऊन बसतात. हेनी, त्याची बायको, त्याचा माग काढणारा माणूस. चांगली माणसं वाटतात फोनवर. मी गोष्ट सांगेन, ते ऐकतीलही. पाहुण्याची ऐकावीच लागते. पण कुणी मधेच म्हणणार नाही, की खोटं बोलतोय हा, दोन गोळ्या लागल्या. डुएन म्हणायचा. दरवेळी. आणि रात्री तंबूत कुणी घोरणार नाही. मी आयुष्यात एकटा झोपलोच नाही, आर्डिस. आधी भाऊ, मग फौजेतली पोरं, मग तू, आणि नोव्हेंबरात डुएन. मला ते येतच नाही.

आर्डिस: म्हणून मी.

व्हर्न: म्हणून तू. आधी डुएनची जागा भरायला घातलं नाव, खरं आहे. नंतर टोपी निवडताना वाटलं, हीच यायला हवी होती नेहमी. उशीर झाला हे कळतंय मला. तरी विचारतो. चल.

आर्डिस: नाही रे.

व्हर्न: विचार तरी कर.

आर्डिस: केला. मी आले तर डुएनच्या खुर्चीत बसेन. तू गोष्ट सांगशील आणि माझ्या तोंडाकडे बघशील, आता ही काय म्हणते. मला नाही म्हणता येणार ते. मला गोळ्या मोजता येत नाहीत. मग तुला मी शेजारी असून डुएनच आठवेल, आणि मला ते दिसेल. ज्या वर्षी मला त्या झोपडीवर यावंसं वाटत होतं ना, त्या वर्षी मी तीस वर्षांची होते. ती बाई केव्हाच निघून गेली. तिच्या नावाची टोपी मी कशी घालू?

व्हर्न: मग मी कसा राहू तिथे?

आर्डिस: राहशील. मी सांगते कसं ते. पहिल्या संध्याकाळी माणूस सवयीनं दोन ताटल्या काढतो. काढू दे. एक परत ठेवायची, त्यात रडण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी हात आपोआप एकच काढतो. तिसऱ्या दिवशी वाटतं, बसायचं कशाला, उभ्यानंच खाऊ. तिथे सांभाळायचं. उभ्यानं खायचं नाही. कितीही कंटाळा आला तरी बसून जेवायचं.

व्हर्न: बसून.

आर्डिस: अंधार पडायच्या आधी दिवा लावायचा, पडल्यावर नाही. आणि झोप येईना तर येईना, तिच्याशी भांडत बसायचं नाही. मी कॅरिनची जुनी गाणी म्हणायचे. कुत्री मेली त्या वर्षी तिच्याशी बोलायचे, ती नसतानाही. तुला हसू येत असेल.

व्हर्न: नाही येत.

आर्डिस: शेकोटीशी गोष्ट मात्र सांगायचीच. कुणी हटकलं नाही तरी. पुरती सांगायची. डुएनचंही तूच म्हणायचं मधे. खोटं बोलतो हा, दोन गोळ्या लागल्या.

व्हर्न: आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं तर?

आर्डिस: तिकडे फोन आहे ना?

व्हर्न: आहे. पण दिवसभर आम्ही रानात, आणि संध्याकाळी हेनीच्या माणसांत. मला सापडेल ती वेळ पहाटेची, कॉफीच्या आधी. तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजून गेलेले असणार. तू तर नऊला झोपतेस.

आर्डिस: नऊला मी तू घरी असलास की झोपते, व्हर्न.